व्याख्यान ऐकून विद्या येते काय?

परभणीहून परळीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पोखर्णी नृसिंह नांवाचें एक लहानसें स्थानक आहे. नृसिंहाच्या देवस्थानामुळें प्रसिद्ध असलेल्या या गांवाहून महाविद्यालयांत शिकण्यासाठीं परभणीस जाणें हा कांहीं मोठा प्रवास नव्हे. परंतु घरांतील पहिलाच मुलगा किंवा पहिलीच मुलगी पदवीच्या वर्गांत बसते, तेव्हां तो प्रवास अंतरानें मोजतां येत नाहीं. शुल्क, पुस्तकें, राहण्याची सोय यांची चिंता घरांतील वडील मंडळी करितात. वर्गांत प्रत्यक्ष शिकविलें कसें जातें, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारतो. वस्तुतः मुलांचें यश पुष्कळ अंशीं त्यावरच अवलंबून असतें. या विषयावर गेल्या सुमारें पन्नास वर्षांत जें संशोधन झालें, त्याचा थोडक्यांत परामर्श घेण्याचा येथें विचार आहे.

उच्च शिक्षण कोणत्या रीतीनें द्यावें, हा प्रश्न या मुलखाला अगदींच नवा नाहीं. १९४८ पर्यंत परभणी जिल्हा हैदराबाद संस्थानांत होता, आणि त्या संस्थानांत १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचें शिक्षण उर्दूंतून होत असे. देशी भाषेंतून उच्च शिक्षण देण्याचा तो प्रयोग मोठा होता यांत शंका नाहीं. तथापि मराठी घरांतून गेलेल्या विद्यार्थ्यास आधीं भाषा व मग शास्त्र असे दोन डोंगर चढावे लागत. पुढें १९५८ सालीं औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरांत, मराठवाडा विद्यापीठ निघालें. १९७२ सालीं खुद्द परभणीस कृषि विद्यापीठ झालें. १९९४ सालीं नांदेडास स्वामी रामानंद तीर्थांच्या नांवाचें विद्यापीठ आलें. विद्यापीठें अशीं घराजवळ आलीं; परंतु व्याख्यान देणें व तें उतरून घेणें ही रीत बहुतेक ठिकाणीं तशीच राहिली.

एका शिक्षकानें आपल्या वर्गांत कांहीं नवा प्रयोग केला व तो साधला, एवढ्यावरून सिद्धान्त बांधतां येत नाहीं. एका रोग्यास गुण आला म्हणून तो काढा सर्वांस लागू पडेलच असें कोणी सुज्ञ वैद्य म्हणणार नाहीं. शिक्षक विशेष हुशार असेल, विद्यार्थी निवडक असतील, अथवा तो केवळ नवलाईचा परिणाम असेल. म्हणून एकाच प्रश्नावरील अनेक अभ्यास एकत्र करून, सदोष असतील ते बाजूस सारून, उरलेल्यांचा ताळेबंद मांडणें या कार्यास फार महत्त्व आहे. आपल्या देशांत शैक्षणिक संशोधनाचें असें पहिलें मोठें समालोचन १९७४ सालीं बडोद्यास प्रसिद्ध झालें. महाराज सयाजीरावांच्या नांवानें चालणाऱ्या तेथील विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र केंद्रांत प्रा. एम. बी. बुच यांनीं तें संपादित केलें, आणि पुढें त्याचे आणखी खंड निघाले.

विद्यापीठीय अध्यापनापुरता असा ताळेबंद अमेरिकेंत सिअ‍ॅटल येथील स्कॉट फ्रीमन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१४ सालीं मांडला. विज्ञान, गणित व अभियांत्रिकी या विषयांवरील २२५ अभ्यास त्यांनीं तपासले. एका बाजूस प्राध्यापक बोलतात व विद्यार्थी ऐकतात असे वर्ग. दुसऱ्या बाजूस प्रश्न सोडविणें, शेजाऱ्याशीं चर्चा करणें, आपलें उत्तर कां बरोबर हें सांगणें, असा उद्योग ज्यांत चालतो असे वर्ग. पहिल्या प्रकारांत शेंकडा सुमारें ३४ विद्यार्थी नापास झाले. दुसऱ्यांत सुमारें २२. म्हणजे शंभरांमागें बारा विद्यार्थी केवळ अध्यापनाच्या रीतीमुळें तरले किंवा बुडाले. आणि हे बारा कोणत्या घरचे असतात? २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका समालोचनांत असें दिसून आलें कीं, या रीतीचा लाभ गरीब व मागें पडलेल्या समाजांतील विद्यार्थ्यांस विशेष होतो. इतरांच्या व त्यांच्या गुणांतील अंतर सुमारें एक तृतीयांशानें घटलें. ज्याला घरीं विचारावयास कोणी नाहीं, त्याला वर्गांतच विचारावयास मिळालें पाहिजे, असाच याचा अर्थ मी समजतों.

मग विद्यार्थी स्वतःच अशा वर्गांची मागणी कां करीत नाहींत? याचें उत्तर हार्वर्ड विद्यापीठांत पदार्थविज्ञानाच्या वर्गांवर झालेल्या व २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत मिळतें. स्वतः खटपट करून शिकलेल्यांस अधिक आलें होतें. परंतु आपणांस कमी आलें असें त्यांस वाटलें. ओघवतें व्याख्यान ऐकतांना सर्व समजल्यासारखें वाटतें. स्वतः उदाहरण सोडवितांना पावलोपावलीं अडतें, आणि ती अडचणच आपल्या अज्ञानाचा पुरावा वाटते.

याच जातीचा एक प्रयोग रोडिगर व कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनीं २००६ सालीं प्रसिद्ध केला. कांहीं विद्यार्थ्यांनीं एक उतारा पुन्हां वाचला. कांहींनीं तो न पाहतां आठवून लिहिला. पांच मिनिटांनंतर पुन्हां वाचणारे पुढें होते. आठवड्यानंतर मात्र त्यांस सुमारें ४२ टक्के आठवलें, तर आठवून लिहिणाऱ्यांस ५६ टक्के. आपल्या घरांतून दिवेलागणीस परवचा म्हणून घेण्याची चाल होती, तिच्यांत हेंच तत्त्व होतें. तिच्यांत अर्थाचा विचार कमी पडे हा दोष खरा. परंतु दोषाबरोबर आपण गुणही टाकून दिला.

या संशोधनाच्या मर्यादाही ध्यानांत ठेवावयास हव्यात. त्यांतील पुष्कळसें अमेरिकेंतील व विज्ञानशाखेचें आहे. तें जसेंच्या तसें आपल्या शंभर-दीडशें मुलांच्या वर्गांस लागू होईल असें मानूं नये. शिवाय यशस्वी प्रयोग छापले जातात व फसलेले कपाटांत राहतात, त्यामुळें बेरीज थोडी फुगण्याचा संभव असतो. तरीही इतक्या अभ्यासांचा कल एकाच दिशेस असतांना तो दुर्लक्षणें शहाणपणाचें नव्हे.

वर्गाची रीत पालटणें आपल्या हातीं नसलें, तरी घरची रीत आपल्या हातीं आहे. मुलें महाविद्यालयांतून परतलीं कीं "आज किती लिहून घेतलें?" असें न विचारतां "आज काय कळलें तें वही मिटून मला सांग," असें आजोबांनीं, आईनें, वहिनीनें विचारावें. ऐकणाऱ्यास तो विषय येत नसला तरी बिघडत नाहीं. उलट न येणाऱ्यास समजावून सांगतांना सांगणाऱ्याचें कच्चें कोठें आहे तें चटकन उघड होतें. एकत्र कुटुंबांत असा श्रोता मिळण्यास वाण नाहीं. पोखर्णीहून परभणीस रोज जाणाऱ्या मुलास किंवा मुलीस सायंकाळीं घरीं असा अर्धा तास मिळाला, तर वर्गांत राहून गेलेलें पुष्कळसें तेथें भरून निघेल.