पुढच्या चाकावरचे ओझे

आपल्याकडे सायकल घेतली की मागे कॅरिअर आलेच. लांबच्या सफरीला पहिल्यांदा निघणारा त्यामुळे सगळे सामान मागेच लादतो: दोन्ही बाजूंना पिशव्या, वर तंबू, त्यावर दोरीने आवळलेल्या चपला. सपाटीवर फारसे काही जाणवत नाही. ताम्हिणी किंवा कुंभार्ली चढायला लागले की मात्र हँडल हलके पडते आणि पुढचे चाक सरळ रेषा सोडून भरकटू लागते.

यामागचे गणित तरफेचे आहे. पेडल मारताना टाच लागू नये म्हणून मागच्या पिशव्या एक्सलच्याही थोड्या मागे टांगाव्या लागतात. समजा पिशव्या १५ किलोच्या आहेत, त्यांचा गुरुत्वमध्य एक्सलच्या १० सेंटीमीटर मागे आहे आणि दोन्ही चाकांच्या एक्सलमध्ये १०५ सेंटीमीटर अंतर आहे. मग मागच्या चाकावर १६.४ किलो वाढतात आणि पुढचे चाक १.४ किलोने हलके होते. स्वाराच्या वजनाचा मोठा वाटा आधीच मागच्या चाकावर असतो. लांबच्या सफरीत स्पोक बहुधा मागचेच तुटतात, ते यामुळे.

थोडे सामान पुढे आणावे हे उघड आहे. पण मागचे सामान नुसते सोबत येते, पुढचे सामान हँडलबरोबर वळते. म्हणून कॅरिअर किती किलो पेलते हा दुय्यम प्रश्न आहे. ते सामान कुठे धरते, हे आधी बघायला हवे.

हँडल ज्या रेषेभोवती फिरते तो स्टीअरिंगचा अक्ष. हँडल वळवायला होणारा विरोध सामानाच्या वजनाच्या पटीत वाढतो, पण अक्षापासूनच्या अंतराच्या वर्गाच्या पटीत वाढतो. चार किलोचे ओझे अक्षापासून १५ सेंटीमीटरवर असेल, तर त्याचे जडत्व साधारण ०.०९ एकक भरते; टायरसकट पुढचे चाक हँडलबरोबर वळताना जवळपास इतकाच विरोध करते. तेच ओझे ३० सेंटीमीटरवर गेले की आकडा ०.३६ होतो, म्हणजे चौपट. दाराच्या बिजागरीजवळ पिशवी अडकवली तर दार सहज हलते, कडीला अडकवली तर ढकलावे आणि आवरावेही लागते, तसेच हे. हँडलच्या पुढे लोंबणारी भरगच्च टोपली मला पटत नाही, ती यासाठी.

सायकल स्वतःला सावरते कशी, हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही बराच काळ छळत होता. डेव्हिड जोन्स यांनी १९७० मध्ये मुद्दाम चालवता येणार नाहीत अशा सायकली बांधून पाहिल्या. फिरत्या चाकाचा जायरोस्कोपिक परिणाम रद्द केला, तरी सायकल चालवता येतच होती. मग २०११ मध्ये नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट आणि अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी ‘सायन्स’मध्ये एक विलक्षण प्रयोग मांडला. त्यांच्या सायकलीत ना जायरोस्कोपिक परिणाम होता, ना चाकाला आपोआप सरळ करणारा ‘ट्रेल’. तरीही ढकलून सोडल्यावर ती सावरत पुढे जाई. हँडलबरोबर वळणाऱ्या भागाचे वस्तुमान खाली आणि अक्षाच्या किंचित पुढे ठेवलेले होते. सायकल कलली की तो भाग लवकर पडू पाही आणि चाक कलत्या बाजूला वळे. हा प्रयोग सामानासाठी नव्हता. पण वळणाऱ्या भागाचे वजन कुठे आहे यावर सायकलीचा स्वभाव ठरतो, ही त्यातली गोष्ट सफरीवर निघणाऱ्याच्या थेट कामाची आहे.

ट्रेल म्हणजे स्टीअरिंगचा अक्ष जमिनीला जिथे भिडेल तो बिंदू आणि टायर टेकतो तो बिंदू यांच्यातले अंतर. फोर्कच्या वरच्या नळीचा कोन ७२ अंश, चाकाची त्रिज्या ३४० मिलिमीटर आणि फोर्कचा पुढचा वाक ४५ मिलिमीटर धरला, तर ट्रेल सुमारे ६३ मिलिमीटर येतो. वाक ६५ केला तर ४२. पॅरिसमध्ये पूर्वी वृत्तपत्रांचे गठ्ठे पुढच्या कॅरिअरवर लादून वाहणारे सायकलस्वार होते, त्यांच्या शर्यतीही भरत. त्यांच्या सायकलींच्या फोर्कला वाक भरपूर, म्हणून ट्रेल कमी असे, आणि चाकाच्या वर ओझे असूनही हँडल ताब्यात राही. आपल्याकडे दुकानात मिळणाऱ्या बहुतेक सायकलींचा ट्रेल याहून जास्त असतो. अशा सायकलीला चाकाच्या वर उंच ओझे लादणारे कॅरिअर मानवत नाही.

तिला शोभते ते बुटके कॅरिअर, ज्याला जगभर ‘लो-रायडर’ म्हणतात. यात पिशव्या एक्सलच्या आसपास, चाकाला बिलगून बसतात. पहिल्या काही किलोमीटरमध्ये हँडल थोडे जड वाटते, मग सायकल उतारावर विलक्षण शांत चालते. खडी पसरलेल्या कच्च्या रस्त्यावर पिशव्या दगडांना घासू शकतात, एवढाच तोटा. वर फळी आणि बाजूला दांडे असलेले कॅरिअर जास्त सामान घेते. पण त्या फळीवर तंबूसारखे हलके काहीतरीच बांधावे.

खरेदीआधी फोर्क नीट पाहा. एक्सलजवळ आणि फोर्कच्या मध्यावर, दोन्ही ठिकाणी स्क्रूची भोके आहेत का? मधली नसतील तर पट्टीने आवळायचे कॅरिअर मिळते, पण कार्बनच्या फोर्कवर ती पट्टी आवळू नये. डिस्क ब्रेक असेल तर डावीकडचा दांडा त्याला अडतो का, हेही पाहावे लागते. सस्पेन्शनच्या फोर्कवर खालच्या नळ्यांना लावलेले सामान चाकाबरोबरच उडते. प्रत्येक खड्ड्याचा दणका थेट पिशवीला बसतो.

धातूबाबत माझे मत ठाम आहे: नळीचे पोलाद. ॲल्युमिनियम हलके असते, पण पोलादाच्या जवळपास एकतृतीयांशच ताठ. शिवाय सततच्या थरथरीने पडणाऱ्या सूक्ष्म भेगा त्यात थोड्या ताणालाही वाढत राहतात, आणि तुटले तर गावातला वेल्डर बहुधा ते जोडू शकत नाही. ताठपणा नुसता टिकण्यासाठी नको आहे. डुलणारे कॅरिअर वेगात उतरताना हँडलच्या थरथरीला खतपाणी घालते. ती थरथर सुरू झालीच, तर गुडघ्यांनी वरची नळी घट्ट धरावी आणि वेग हळूहळू उतरवावा.

जड आणि आटोपशीर वस्तू, म्हणजे हत्यारे, स्टोव्ह, धान्य, पुढे ठेवाव्यात आणि दोन्ही पिशव्या काट्यावर तोलून सारख्या कराव्यात. सगळे सामान भरून घराजवळच्या एखाद्या उतारावर चालवून पाहावे, पिशव्या हलत असतील तर हुक घट्ट करावेत. एक्सलजवळचे बोल्ट सर्वांत जास्त भार झेलतात. पहिला दिवस संपल्यावर ते चावीने पुन्हा आवळावेत आणि त्याच मापाचे दोन जादा बोल्ट हत्यारांच्या पिशवीत असू द्यावेत.