यंत्र बिघडले की संगणक?

भजनी मंडळाचा अँप्लिफायर दुरुस्तीला आला. रात्री कीर्तन होते. आमच्याजवळ एक लहान ऑसिलोस्कोप आहे. विजेचा दाब कसा वरखाली होतो, ते तो संगणकाच्या पडद्यावर रेघ काढून दाखवतो. त्याला वीजही संगणकातूनच मिळते, यूएसबीच्या तारेने, ५ व्होल्ट.

तार लावली. यंत्राचा दिवा लागला, पण रेघ काही येईना. यंत्र गेले की काय! नवे घ्यायचे म्हणजे खिशाला भोकच.

मग तेच यंत्र, तीच तार दुसऱ्या संगणकाला लावली. रेघ आली! म्हणजे यंत्र चांगले, तारही चांगली. आम्ही घाईने तारही बदलली असती, तर हे कळलेच नसते.

आता पहिला संगणक पाहू या. तार पुढच्या पोर्टात होती. मागचे पोर्ट थेट मदरबोर्डावर असतात. पुढच्या पोर्टापर्यंत मात्र पेटीच्या आतून बारीक तारा नेलेल्या असतात. त्या सैल किंवा खराब असल्या, तर दाब कमी पडतो. दिव्याला थोडी वीज पुरते, कामाला पुरत नाही.

मागच्या पोर्टात लावली. रेघ उमटली. तिथेही न उमटती, तर ड्रायव्हर, म्हणजे यंत्राची ओळख पटवणारा प्रोग्राम, पुन्हा घातला असता.

अँप्लिफायर दिवेलागणीला मंडळाच्या हाती दिला.