अश्रूंआधीची सहा वर्षं

गुवाहाटीत ७ फेब्रुवारी २०१६ रोजी दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेतल्या महिलांच्या वेटलिफ्टिंगमधल्या ६३ किलो गटाचं पदकवितरण झालं. विजयमंचावर सोळा वर्षांची एक मुलगी सॅल्यूट करून उभी होती. बांगलादेशचं राष्ट्रगीत सुरू झालं, झेंडा वर सरकू लागला आणि तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या. हुंदके आवरत नव्हते; कपाळाशी नेलेला हात मात्र तिने तसाच धरून ठेवला. ही माबिया अख्तर सीमांत. त्या स्पर्धेतलं बांगलादेशचं ते पहिलं सुवर्णपदक होतं. ते दृश्य बघता बघता देशभर पोचलं, आणि आजही तिचं नाव निघालं की लोकांना आधी ते रडणंच आठवतं. यात कुणाचा दोष नाही, पण तिच्यावर थोडा अन्याय मात्र होतो. अश्रू दोन मिनिटांचे होते. त्याआधी सहा वर्षं ती लोखंड उचलत होती, आणि तिच्या कारकिर्दीचा खरा अर्थ त्या सहा वर्षांत दडलेला आहे.

माबियाचं कुटुंब मूळचं मादारीपूरचं, पण ती वाढली ढाक्याच्या खिलगाव भागात. वडिलांचं छोटंसं किराणा दुकान. घर पत्र्याचं, साचलेल्या पाण्यावर खांब रोवून उभारलेलं. अशा घरातल्या मुलीची शाळाही पैशांअभावी अडखळते, तिथे खेळाचं नाव कोण काढणार? ते तिच्या मामांनी काढलं. मामा मुष्टियुद्धाचे प्रशिक्षक. २०१० मध्ये त्यांनी अकरा वर्षांच्याही आतल्या या भाचीला वेटलिफ्टिंगच्या सरावाला नेलं. पुढे ती बांगलादेश आनसार या निमलष्करी दलाच्या संघातून खेळू लागली. घरातला एक जाणता माणूस, सरावाची एक जागा आणि पाठीशी एक संस्था, एवढीच तिची शिदोरी. गुवाहाटीच्या चार महिने आधी, ऑक्टोबर २०१५ मध्ये, आपल्या पुण्यात राष्ट्रकुल वेटलिफ्टिंग स्पर्धा झाली, तिथे युवा विभागात तिने सुवर्णपदक मिळवलं होतं. गुवाहाटीचं यश आकाशातून पडलेलं नव्हतं, हे सांगायला तेवढं पुरे.

हा खेळ ताकदीचा आहे ही समजूत अर्धीच खरी. महिलांचा बार पंधरा किलोचा असतो, त्यावर दोन्ही बाजूंनी प्लेट्स चढतात. स्नॅचमध्ये तो जमिनीवरून थेट डोक्यावर न्यायचा. क्लीन अँड जर्कमध्ये आधी खांद्यापर्यंत आणि मग तिथून वर. स्नॅच करताना बार मांडीला घासत चढतो, कंबर झटक्यात सरळ होते, आणि बार वर जात असतानाच खेळाडू स्वतः त्याच्याखाली बसते. वजन वर फेकण्याइतकंच त्याच्याखाली शिरणं महत्त्वाचं असतं. त्या एका क्षणात कोपर किंचित दुमडलं तरी प्रयत्न बाद. हे अंगात मुरायला हजारो वेळा तेच करावं लागतं, आणि तेवढं करायचं तर रोज पोटभर, सकस खावं लागतं. म्हणजे खेळाडूला अंडी, दूध, मांस लागतं ते पदकाच्या आधी. गुवाहाटीत त्या दिवशी माबियाने स्नॅचमध्ये ६७ आणि क्लीन अँड जर्कमध्ये ८२, असे एकूण १४९ किलो उचलले.

यावर जाणकार म्हणतील, १४९ किलो म्हणजे फार काही नाही. आकडा खरंच लहान आहे. त्याच वर्षी रिओ ऑलिंपिकमध्ये चीनच्या डेंग वेईने याच गटात २६२ किलो उचलले. दक्षिण आशियातलं सुवर्ण आणि जगातलं सुवर्ण यांत केवढं अंतर आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. पण याच आक्षेपाचं उत्तर माबियाच्या पुढच्या आकड्यांत आहे. २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत, त्याच ६३ किलो गटात, तिने १८० किलो उचलले आणि ती सहावी आली. दोन वर्षांत एकतीस किलोंची भर! तिथे पदक नव्हतं, राष्ट्रगीत नव्हतं, त्यामुळे ती चित्रफीत कुणी एकमेकांना पाठवली नाही. माझ्या मते मात्र वेटलिफ्टर म्हणून गोल्ड कोस्टची माबिया गुवाहाटीच्या माबियापेक्षा मोठी आहे. डिसेंबर २०१९ मध्ये नेपाळमधल्या दक्षिण आशियाई स्पर्धेत ती ७६ किलो गटात उतरली आणि १८५ किलो उचलून पुन्हा सुवर्णपदक जिंकली. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत बांगलादेशचा ध्वज घेऊन पुढे चालण्याचा मान मुष्टियोद्धा सुर कृष्ण चाकमाबरोबर तिला मिळाला.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: देशाने तिची कदर केलीच की. केली, हे खरं. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत बांगलादेशने एकूण चार सुवर्णपदकं जिंकली. एक माबियाचं, दोन जलतरणपटू माहफुजा खातून शीलाची आणि एक नेमबाज शकील अहमदचं. चारांतली तीन पदकं मुलींनी आणली होती. या तिघा खेळाडूंना सरकारने फ्लॅट जाहीर केले. ते योग्यच होतं, आणि अशा बक्षिसाने इतर मुलींना हुरूप येतो हेही मान्य. पण बक्षीस जिंकलेल्याला मिळतं. जिच्या घरात मामा नाही, जी चौदाव्या वर्षी दूध-अंड्यांअभावी किंवा बसभाड्याअभावी सराव सोडते, तिच्यापर्यंत तो फ्लॅट कधी पोचतच नाही. गरीब देशाला यापेक्षा जास्त कसं परवडेल, असं कुणी विचारेल. परवडण्याच्या बाबतीत हा खेळ उलट सोयीचा आहे. चार मीटर लांब-रुंद फळ्यांचा मंच, एक बार, प्लेट्सचा संच, आणि अर्थात शिकवणारा माणूस. तरणतलावाच्या किंवा क्रिकेटच्या मैदानाच्या खर्चापुढे हा खर्च काहीच नाही. खरा खर्च आहे तो सहा-सात वर्षं दर महिन्याला न चुकता द्यायच्या खुराकाचा आणि भत्त्याचा. आणि त्या पैशाच्या बदल्यात टाळ्या मिळत नाहीत म्हणूनच तो आधी कापला जातो.

बांगलादेशची लोकसंख्या सोळा कोटींच्या वर आहे. एवढ्या मोठ्या देशाला आजवर ऑलिंपिकचं एकही पदक मिळालेलं नाही. ज्यांना ते मिळालेलं नाही, अशा देशांत लोकसंख्येने तोच सगळ्यांत मोठा. टोकियो ऑलिंपिकला तिथून सहा खेळाडू गेले. त्यांत वेटलिफ्टर एकही नव्हता.