बसलेला ससा आणि धावणारा कुत्रा



दर अंकात आम्ही बेणे, लागण, खते आणि पाणी यांवरच लिहितो. या खेपेस विषय जरा वेगळा घेतला आहे. विलायतेतील शेतकरी सशांच्या उपद्रवावर एक विशिष्ट जातीचा कुत्रा तयार करतात आणि त्याला मुद्दाम शिकवतात, की जो ससा पळत नाही, जागेवर गप्प बसतो, तो कसा धरायचा. आता तुम्ही म्हणाल, बसलेला ससा धरायला शिकवायचे काय? तो तर आयताच सापडला! पण खरी गोम तिथेच आहे. शिवाय कुत्रा, ससा आणि उसाचा फड यांचा आपल्याकडेही संबंध येतोच. म्हणून हे सविस्तर लिहीत आहोत.

तिकडचा ससा वेगळा

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मराठीत आपण दोन्हींना ससाच म्हणतो, पण इंग्लंडात पिकाला खाणारा ससा हा बिळात राहणारा ससा आहे. तो कळपाने राहतो आणि बांधाच्या कडेला बिळांचे जाळेच करतो. त्याची पिले उघडी-नागडी आणि मिटल्या डोळ्यांची जन्मतात. आपल्या माळावरचा ससा बीळ करीत नाही. तो गवतात लहानसा खळगा करून बसतो आणि त्याची पिले केसांसह, उघड्या डोळ्यांनी जन्मतात.

हा बिळातला ससा मूळचा इंग्लंडचा नव्हे. सुमारे बाराव्या शतकात नॉर्मन लोकांनी तो मांसासाठी व कातड्यासाठी तिथे पाळायला आणला. पुढे तो मोकळा सुटला आणि शेताचा वैरी झाला. १९५३ साली मिक्सोमॅटोसिस नावाचा रोग तिथे शिरला आणि दोन-तीन वर्षांत शंभरातले पंच्याण्णवहून जास्त ससे मेले. तरी उरलेल्यांतून प्रजा पुन्हा वाढली. अलीकडे दुसऱ्या एका रक्तस्रावी रोगाने अनेक भागांत त्यांची संख्या पुन्हा घटली आहे, पण जिथे ससे आहेत तिथे बांधालगतचा गहू-बार्ली पार खुरटून जातो. १९५४ च्या तिथल्या कायद्याने आपल्या जमिनीतील सशांचा बंदोबस्त करण्याची जबाबदारी जमीन कसणाऱ्यावरच टाकली आहे. म्हणजे तिकडे हा हौसेपेक्षा शेतीच्या कामाचा भाग जास्त.

लर्चर म्हणजे काय

ज्या कुत्र्याबद्दल आपण बोलत आहोत त्याला लर्चर म्हणतात. ही शुद्ध जात नव्हे. ग्रेहाउंड, व्हिपेट यांसारखा वेगाचा कुत्रा एका बाजूला आणि मेंढरे राखणारा कॉली किंवा टेरियर दुसऱ्या बाजूला, असा हा संकर असतो. आपण जसे एका वाणाचा उतारा आणि दुसऱ्याची रोगाला टक्कर देण्याची ताकद एकत्र आणू पाहतो, तसाच हा प्रकार.

ग्रेहाउंड ताशी ६० किलोमीटरच्या पुढे पळतो. पण त्याची शिकार सगळी डोळ्यावर आणि डोळा सगळा हालचालीवर. हलले की धावला. कॉली मात्र मेंढराकडे टक लावून, अंग खाली घेऊन, पाऊल मोजत पुढे सरकतो. तो थांबतो, विचार करतो, मालकाकडे बघतो. ग्रेहाउंडचे पाय आणि कॉलीचे डोके एकत्र आले तर काम फत्ते, असा त्या लोकांचा अनुभव. कोणी अर्धा कॉली पसंत करतो, तर वेग जास्त हवा असणारा पाव हिस्सा कॉली ठेवतो.

ससा का बसतो

ससा रात्री बिळापासून दूर चरायला येतो. माणूस बॅटरी घेऊन आला की काही ससे बिळाकडे पळतात. काही मात्र कान पाठीला चिकटवून, अंग चोरून जागेवर दबून राहतात. हा मूर्खपणा नव्हे. शिकार करणाऱ्या जनावराचा डोळा हालचालीवर जातो, म्हणून न हलणे हाच त्याचा बचाव. त्याचा रंगही मातीत आणि वाळल्या गवतात मिसळून जातो. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने मान न वळवताही त्याला जवळजवळ चोहोबाजूंचे दिसत असते.

मग होते काय? पळणारे ससे धरायची सवय झालेला तरणा कुत्रा उजेडात सुसाट सुटतो आणि बसलेल्या सशाच्या अंगावरून पुढे निघून जातो. दोन हातांवर ससा, पण कुत्र्याला तो दिसतच नाही. मागे वळेपर्यंत ससा बिळात पसार.

शिकवण्याची रीत

पहिले वर्ष शिकार नाही. हाक मारली की येणे, बस म्हटले की बसणे, थांब म्हटले की थांबणे, पट्टा न ओढता बाजूने चालणे आणि फेकलेली वस्तू हातात आणून देणे, एवढेच शिकवायचे. हाडे भरायच्या आत पळवले तर कुत्रा जन्माचा अधू होतो. कॉलीच्या रक्ताचा कुत्रा लवकर शिकतो, पण मनाला फार लावून घेतो. एकदा आरडाओरडा केला की तो दबतो. तोच तो पाठ दहादा करून घेतला तर कंटाळतो. सबब धडा थोडा आणि रोज.

दुसरी पायरी सशाच्या कातड्याच्या पुडक्याची. आधी ते फेकून आणायला लावायचे. मग कुत्र्याला बसवून ठेवून पुडके गवतात नुसते ठेवायचे आणि त्याला वाऱ्याच्या तोंडी सोडायचे, म्हणजे वास त्याच्याकडे येईल. सगळी मेख इथे आहे. हलत नाही तेही आपल्याच कामाचे, आणि डोळ्याला दिसले नाही तर नाकाला विचारायचे, हे त्याला इथे कळते.

तिसऱ्या पायरीला मेलेला ससा मोकळ्या जागेत ठेवतात. आधी दिवसा, मग रात्री बॅटरीच्या उजेडात. कुत्र्याला पट्ट्यावर धरून उजेडाच्या रेषेने चालत जवळ न्यायचे. उजेडाच्या टोकाला जे असेल ते आपले, मग ते पळो वा बसो, हे त्याच्या मनावर ठसले पाहिजे.

त्यानंतर खरा ससा. रात्र अंधारी आणि वाऱ्याची हवी, म्हणजे पावलांचा आवाज दबतो. वारा आपल्या तोंडावर घेऊन चालायचे. बिळापासून लांब बसलेला ससा निवडायचा आणि कुत्र्याची नजर त्यावर बसली, त्याचे कान टवकारले, अशी खात्री झाल्यावरच, अगदी जवळून पट्टा सोडायचा. कुत्रा चुकून पुढे गेला तर ओरडायचे नाही. उजेड सशावर तसाच धरून कुत्र्याला हळू आवाजात मागे बोलवायचे. दोन-चारदा असे झाले की शहाणा कुत्रा शेवटच्या टप्प्यात आपणहून वेग कमी करतो, मान खाली घालतो आणि ससा उचलतो. दात न रुतवता तो मालकाच्या हाती देतो आणि मालक जनावराला यातना न होता ते काम लगेच संपवतो.

पथ्ये अशी: उजेड कुत्र्याच्या डोळ्यांत मारू नये. तारेचे कुंपण कुठे आहे ते दिवसा बघून ठेवावे, कारण अंधारात तारेवर आपटून कुत्रे मरतात. सुरुवातीला एका रात्री दोन-तीन धावाच द्याव्यात. आणि जो कुत्रा मेंढराकडे तोंड वळवील त्याला पट्ट्याबाहेर सोडूच नये.

कायदा तिथला आणि इथला

इंग्लंड व वेल्समध्ये २००४ साली शिकारबंदीचा कायदा झाला आणि १८ फेब्रुवारी २००५ पासून तो लागू झाला. कुत्र्याकरवी रानटी जनावरांची शिकार त्याने बंद केली. मात्र बिळातला ससा आणि उंदीर यांना, जमीनमालकाची परवानगी असल्यास, सूट ठेवली. तिथल्या रानसशाला ती सूट नाही.

आपल्याकडे स्थिती सरळ आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सशाची शिकार हा गुन्हा आहे. तोड चालू असता फडाचा शेवटचा तुकडा उरला की आत दडलेले ससे बाहेर पडतात आणि बांधावरची मंडळी कुत्री सोडतात. "दोन घटकांची गंमत" म्हणून हे चालते, पण त्यात शेतमालकही अडकू शकतो. तेव्हा आपल्या फडात असे होऊ देऊ नका. टोळीच्या मुकादमालाही आधीच सांगा. तोडीत सशाची पिले सापडली तर ती पोरकी समजून घरी नेऊ नका. मादी दिवसभर लांब राहते आणि अंधार पडल्यावर पाजायला येते.

मग आपण यातून घ्यायचे काय?

कुत्रा आपल्याही वस्तीवर आहे. त्याला ससा धरायला शिकवू नका, पण पहिल्या वर्षाचा धडा जरूर द्या. हाकेला येणारा आणि थांब म्हटले की थांबणारा कुत्रा ऊसतोडीच्या गर्दीत, बैलांत आणि पोराबाळांत सांभाळता येतो. त्याला दरवर्षी रेबीजची लस टोचा. उंदरांसाठी झिंक फॉस्फाईडचे आमिष ठेवले असेल तेव्हा त्याला बांधून ठेवा. ज्या भागात बिबट्याचा वावर आहे तिथे रात्री त्याला फडाकडेला बांधू नका. ती राखण होत नाही, बिबट्याला ते आमंत्रण ठरते.

दुसरी गोष्ट आमच्या खात्याची. हुमणीचे भुंगेरे वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंबावर, बाभळीवर उडताना सगळ्यांना दिसतात. तेव्हा धावपळ होते, फांद्या हलवल्या जातात. पुढे अळी मुळाशी गप्प बसून खाते, तेव्हा आपण सगळे तिच्या अंगावरून चालत जातो. ऊस पिवळा पडतो, पाणी कमी पडले म्हणून पाणी देतो, आणि बेट हाताला सहज उपटून येते तेव्हा हंगाम हातचा गेलेला असतो. जुलै-ऑगस्टमध्ये फडात आत शिरा. पिवळे बेट दिसले की त्याच्या मुळाशी खणा. अळी दिसली तर त्याच दिवशी गटाच्या शेती ऑफिसात कळवा. आमचा माणूस प्लॉटवर येईल.

हलणारे कोणालाही दिसते. न हलणारे दिसायला मात्र थांबावे लागते, वाकावे लागते, आणि हे शिकवल्याशिवाय कुत्र्यालासुद्धा येत नाही.

आपला,
ऊसविकास अधिकारी