यादीतली निवडलेली ओळ

वांद्र्याला नव्याने येणाऱ्या पाहुण्याची हमखास एक फसगत होते. गाडी शोधायला तो मोबाइल उघडतो. स्थानकांच्या यादीत दोन नावे एकाखाली एक उभी असतात: ‘वांद्रे’ आणि ‘वांद्रे टर्मिनस’. पहिल्या ठिकाणी पश्चिम आणि हार्बर मार्गांच्या लोकल थांबतात, तर लांब पल्ल्याच्या गाड्या दुसऱ्या ठिकाणाहून सुटतात. मध्ये चांगली पायपीट आहे, आणि हातात ट्रंक असेल तर ती फारच लांब वाटते. बोट टेकले खरे, पण दोहोंपैकी कोणते नाव घेतले गेले? त्या वेळी ओळीचा रंग बदलला, बाजूला बरोबरची खूण उमटली, तर पाहुणा वाचला. नाही उमटली, तर तो भलत्याच फलाटावर उभा!

तुम्ही म्हणाल, हे शहरातले कौतुक, आम्हाला काय त्याचे? तसे नाही. 15 ऑगस्ट 2021 पासून महाराष्ट्रभर ई-पीक पाहणी सुरू झाली. पूर्वी तलाठी बांधावर येऊन पिकाची नोंद करीत, ती आता शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर करायची. गाव निवडा, खाते निवडा, गट क्रमांक निवडा, पीक निवडा, म्हणजे एकामागून एक याद्याच याद्या. उभ्या तुरीच्या जागी चुकून वरची किंवा खालची ओळ घेतली गेली, तर सातबाऱ्यावर दुसरेच पीक चढते. पुढे विमा, हमीभावाची खरेदी, नुकसानभरपाई या सगळ्या ठिकाणी तोच कागद पुढे ठेवायचा असतो. म्हणून तर 2022 च्या आवृत्तीत 48 तासांच्या आत एकदा दुरुस्ती करण्याची मुभा ठेवली गेली. एका ओळीचे मोल एवढे आहे.

निवड कशी दाखवावी याचा उत्तम नमुना तुम्ही सर्वांनी पाहिलेला आहे. ते म्हणजे मतदान यंत्र. एका बॅलट युनिटवर जास्तीत जास्त 16 ओळी असतात. नावासमोरचे निळे बटन दाबले की त्याच ओळीतला लाल दिवा लागतो आणि शिट्टीसारखा लांब आवाज येतो. शेजारच्या यंत्राच्या काचेआड छापील चिठ्ठी 7 सेकंद दिसते. डोळ्याला दिवा, कानाला आवाज, वाचायला चिठ्ठी! एकाच गोष्टीची तीन निरनिराळी ग्वाही. मोबाइलवर मात्र आणखी एक सोय हवी, मन बदलता येण्याची. मतदान यंत्रात ती नसते, आणि नसावीच.

आता थोडे यंत्राच्या पोटात शिरू. माझ्या एका विद्यार्थ्याने पिकांची यादी दाखवणारे छोटेसे ॲप केले होते. निवडलेली ओळ पिवळी व्हायची. वर्गात त्याने ‘ज्वारी’वर बोट ठेवले, ओळ पिवळी झाली, सगळे खूश. मग त्याने यादी वर सरकवली, तर खाली ‘भुईमूग’ही पिवळा! आणखी सरकवली, तर ‘हरभरा’ही पिवळा. पोरे हसली. तो बिचारा म्हणाला, “सर, मी फक्त एकच निवडलं होतं.” आणि ते खरेच होते.

घोटाळा कसा झाला, हे शिक्षकमंडळींना चटकन समजेल. समजा, तुमच्या वर्गात शंभर मुलांची नावे भिंतीवर दाखवायची आहेत, पण पाट्या आहेत फक्त बारा, कारण भिंतीवर मावतातच दहा-बारा. मग तुम्ही काय करता? वरची पाटी दृष्टीआड गेली की तिच्यावरचे नाव पुसता, पुढचे नाव लिहिता आणि तीच पाटी खाली लावता. मोबाइल अगदी हेच करतो. शंभर ओळींसाठी शंभर चौकटी बनवल्या तर त्याची स्मृती भरून जाईल, सरकवताना पडदा अडखळेल. म्हणून तो मोजक्या चौकटी फिरवून फिरवून वापरतो. अँड्रॉइडमध्ये हे काम करणाऱ्या घटकाचे नाव रिसायकलरव्ह्यू. तो 2014 मध्ये आला. त्याआधीच्या लिस्टव्ह्यूचीही रीत हीच, आणि आयफोनचीही.

आमच्या पोराने रंग पाटीला लावला होता. पाटी खाली आली, नाव बदलले, रंग पुसायचा राहिला. मग ‘भुईमूग’ पिवळा न होऊन करतो काय?

उपाय सोपा आहे. खूण पाटीवर करायची नाही, हजेरीपटात करायची. कोण निवडले गेले ते वहीत टिपून ठेवायचे, आणि पाटीवर नवे नाव लिहिताना दरवेळी वहीला विचारायचे: हा निवडलेला आहे का? असेल तर पिवळा रंग, नसेल तर साधा. यातला ‘नसेल तर साधा’ हा अर्धा भागच नवशिके विसरतात, नि तिथेच सगळे अडते.

बरे, वहीत टिपायचे ते काय? ‘तिसरी ओळ’ असे टिपले तर पुन्हा फसगत. यादी अकारविल्हे लावली, मध्ये एक नवे पीक घातले, की तिसऱ्या ओळीत दुसराच कोणी येऊन बसतो. मुलाचा हजेरी क्रमांक दरवर्षी बदलतो, पण जनरल रजिस्टरचा नंबर शाळा सोडल्याच्या दाखल्यापर्यंत तोच राहतो ना? तसा प्रत्येक ओळीला स्वतःचा कायमचा क्रमांक द्यावा आणि तोच टिपावा. एकच निवड चालत असेल, तर नवी ओळ रंगवताना जुनी ओळही पुन्हा लिहावी लागते. दोनच पाट्या बदलायच्या, सगळी भिंत पुसायची गरज नाही.

आणखी एक खोच. मोबाइल आडवा धरला की अँड्रॉइड बहुधा तो पडदा मोडून नव्याने उभारतो. वही पडद्यातच ठेवली असेल तर तीही त्याबरोबर गेली! म्हणून ती पडद्याबाहेर, सुरक्षित जागी ठेवायची.

राहिला रंगाचा प्रश्न. हा फार जणांना क्षुल्लक वाटतो, मला वाटत नाही. दुपारी बाराच्या उन्हात, शेतात, फिकट पिवळा आणि पांढरा यांत फरक दिसत नाही. काहींना लाल-हिरवा भेद मुळातच ओळखता येत नाही. तेव्हा रंगाच्या जोडीला बरोबरची खूण हवीच, आणि ती खूण व तिची पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर निदान 3 ला 1 असावे, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी मोबाइल ओळी वाचून दाखवतो. त्या आवाजाने “तूर” एवढेच न म्हणता “तूर, निवडले” असे म्हटले पाहिजे. ओळीची उंचीही बेताची नको. सुमारे 9 मिलिमीटर जागा बोटाला लागतेच, आणि नांगर धरलेल्या बोटाला ती थोडी अधिकच द्यावी.

अनेक ओळी एकदम निवडायच्या असतील, तर बोट दाबून धरण्याची युक्ती पुष्कळ ॲपांत असते. ती कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही. मला तर प्रत्येक ओळीपुढे चौकोन आणि वर ‘5 निवडले’ असा आकडा, हे साधे काम बरे वाटते.

तुमच्या गावातला एखादा मुलगा ॲप करून दाखवायला आला, तर त्याला शाबासकी देण्याआधी एवढे करा. तिसरी ओळ निवडा. यादी तळापर्यंत न्या आणि परत आणा. मोबाइल आडवा करा, मग उभा. मध्येच कुणाला तरी तुम्हाला फोन करायला सांगा, दोन शब्द बोला, ठेवा. मग उन्हात अंगणात जाऊन पाहा, तीच ओळ पिवळी आहे का, आणि एकटीच आहे का.