बोटीमागच्या दोरीला धरून

पॉइंट कुकला डिसेंबर लागला की बच्चेकंपनीला पाण्यावरच्या स्कीचं वेड लागतं. आजी-आजोबांनी घाबरायचं कारण नाही, पण चार गोष्टी विचारल्याशिवाय नातवंडाला सोडूही नये.

स्लॅलम म्हणजे एकाच स्कीवर उभं राहून सहा बोयांना वळसे घालणं. दोरी १८.२५ मीटरची, खेळाडू तरबेज होईल तशी ती आखूड करत नेतात. आमच्या खाडीच्या लाटांत हे जमत नाही, नदी-तळ्याचं सपाट पाणी लागतं.

आम्ही इतकी वर्षं नर्स होतो, म्हणून आमचं लक्ष आधी दोरीकडे. वेढा हाताला पडलेला असताना बोट सुटली, तर हाताचं बोट तुटू शकतं. जॅकेट फोमचं, अंगाबरोबर बसणारं हवं. हवेने फुगणारं इथे नको.

व्हिक्टोरियात बोट चालवणाऱ्याखेरीज आणखी एक जण बोटीत लागतोच, निदान १२ वर्षांचा. त्याने मागे तोंड करून फक्त स्कीवाल्याकडे बघायचं. मुलांनो, हे काम तुमचं! फोन खिशात. स्कीवाला पडला की लगेच ओरडून सांगा. त्याने हात वर केला म्हणजे तो ठीक आहे.

मग चालवणाऱ्याने सावकाश वळावं, पडलेला माणूस सतत आपल्याला दिसेल अशा बाजूने. ५० मीटरच्या आत वेग ५ नॉट, म्हणजे तासाला साधारण ९ किलोमीटर. तो वर चढताना इंजिन साफ बंद. नुसतं न्यूट्रल पुरत नाही, खालचा पंखा पाय कापतो. आणि इंजिन चालू असताना बोटीच्या मागच्या फळीवर कुणी बसू नये. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास.