अर्थशास्त्राला चिनी भाषेची जोड

नांदगावात अर्थशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याने जोडीला चिनी भाषा घ्यावी, असे कोणी सुचविले तर ती सूचना हसण्यावारी नेली जाण्याचाच संभव अधिक. या अवर्षणग्रस्त तालुक्याचा बीजिंगशी संबंध काय? संबंध आहे, आणि तो कांद्याचा आहे. भारत व चीन हे जगातील सर्वांत मोठे कांदा-उत्पादक देश. डिसेंबर 2023 ते मे 2024 या काळात आपल्या सरकारने निर्यातबंदी लादली, तेव्हा आशियातील आपली गिऱ्हाइके ज्या देशांकडे वळली, त्यांत चीनही होता. शेजारच्या येवल्यात पैठणी विणली जाते ती रेशमावर, आणि कच्च्या रेशमाची देशाची आयात मुख्यत्वे चीनमधूनच होते.

2024-25 साली चीनशी व्यापारात आपली तूट सुमारे 99 अब्ज डॉलरची होती. असे असूनही आपला अर्थशास्त्राचा पदवीधर चीन वाचतो तो इंग्रजीतून, म्हणजे बहुधा पाश्चात्त्यांनी निवडून दिलेला. तेथील प्रांतांचे अहवाल, शेतीखात्याची परिपत्रके, स्थानिक वृत्तपत्रे ही सारी सामग्री त्याला बंद असते. यंत्र भाषांतर करून देते हे खरे. पण काय शोधावयाचे आणि मिळालेल्यातले काय संशयास्पद आहे, हे भाषा न जाणणाऱ्याला कसे उमगावे?

महाराष्ट्राला ही वाट सर्वस्वी नवी नाही. पु. वि. बापटांनी केवळ चिनी अनुवादाच्या रूपाने संपूर्ण उरलेल्या 'विमुत्तिमग्गा'ची 'विसुद्धिमग्गा'शी तुलना केली. तो ग्रंथ 1937 साली पुण्यात प्रसिद्ध झाला. पुढे नाटककार म्हणून मराठी रसिकांना परिचित असलेले गो. पु. देशपांडे दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात चीनविषयक अभ्यासाचे प्राध्यापक होते. एकाची ओढ बौद्ध वाङ्मयाची, दुसऱ्याची राजकारणाची. बाजारभावाच्या ओढीने चिनी शिकणारा मात्र आपल्याकडे विरळाच.

सरकारी धोरणानेही याला हातभार लावला आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या 2019 च्या मसुद्यात परकीय भाषांच्या उदाहरणांत चिनी होती. जून 2020 मध्ये गलवानची चकमक झाली आणि जुलैत मंजूर झालेल्या धोरणातून ती गळाली. कोरियन राहिली, थाई राहिली. ज्याच्याशी वैर, त्याचीच भाषा न शिकण्याचा हा शहाणपणा अजब म्हटला पाहिजे! गंमत अशी, की मुख्य विषयाला निराळ्या शाखेतील दुय्यम विषय जोडण्याची मुभा त्याच धोरणाने दिली आहे.

तिचा उपयोग पुणे विद्यापीठाने आपल्या नाशिक उपकेंद्रात करून पाहावा. चिनी लिपीची हजारो चिन्हे सहा महिन्यांच्या प्रमाणपत्राने वश होत नाहीत. पदवीची सारी वर्षे अर्थशास्त्राबरोबर ती चालली पाहिजेत, आणि शेवटच्या वर्षी विद्यार्थ्याने चिनी कांदाबाजाराचा एखादा अहवाल मुळातून वाचून लासलगाव-नांदगावच्या भावांशी ताडून पाहिला पाहिजे. पहिल्या तुकडीत दहाच मुले आली तरी वर्ग बंद करू नये.